चष्मेवाल्याच्या बायकोने चष्मा काढला

गल्लीतली झाडून सगळी माणसं तिला चष्मेवाली काकू म्हणायची, आणि गंमत अशी की गेले काही महिने काकूच्या नाकावर चष्माच नव्हता. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर खड्डे तेवढे उरले होते, भाडेकरू गेल्यावर भिंतीत खिळ्यांची भोकं उरतात तसे. चष्म्याच्या दुकानात, काचेच्या कपाटासमोरच्या उंच स्टुलावर ही बाई उघड्या डोळ्यांनी बसायची. गिऱ्हाईक आलं की आधी नवऱ्याची चाहूल घ्यायची. तो आतल्या खोलीत कुणाचा नंबर काढत असला, की पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणायची, "कशाला पडता या फंदात? एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जातो. वाढावा म्हणूनच देतात. सकाळी उन्हात डोळे मिटून बसा, सुटाल यातून."

बिचारं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघायचं, मग मागे वळून दारावरच्या पाटीकडे. आपण शिरलो कुठे नक्की?

"अगं," एकदा नवरा न राहवून म्हणाला, "दुकान आपलंच आहे ना अजून?"

"मी खरं तेच सांगते."

"सांग की. पण निदान माणूस चष्मा घेऊन बाहेर पडल्यावर सांगत जा."

हा नवरा म्हणजे अगदी कमी बोलणारा माणूस. दिवसभर बारीक स्क्रू फिरवून त्याची जीभही आखडली असावी, असं त्याची बहीण म्हणायची. ती बहीण, म्हणजे काकूची नणंद, दिवसाआड फोन करायची आणि भावाच्या वाटचंही बोलून घ्यायची. "काय वहिनी, आज किती गिऱ्हाइकं पळवलीस?" ही तिची फोनवरची सुरुवात.

पण काकू मुळात अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला जवळची काच आणि लांबची काच यातला फरक कळत नव्हता. दुकान तेव्हा मोठ्या रस्त्यावर होतं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळ्यात वरचं अक्षर बादलीएवढं, खालची ओळ मुंग्यांएवढी. नवरा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलायचा आणि ही तक्त्याजवळ पट्टी घेऊन ओळी दाखवायची. वाचणारा अडखळला की बरोबर अक्षर हिच्या ओठांवर यायचं, आणि मग नवरा डोळे वटारायचा, कारण बेरकी गिऱ्हाइकं तक्ता सोडून हिचे ओठ वाचायची. अशाने एका म्हाताऱ्याचा नंबर जवळजवळ शून्य निघाला होता. तो दारातून बाहेर पडताना दाराच्या शेजारच्या भिंतीतून जायला लागला, तेव्हा उलगडा झाला.

हळूहळू ती शिकली. गरम वाळूच्या डब्यात फ्रेमची काडी धरून कानाच्या बेताने वाकवायची, तर ती नवऱ्यापेक्षा सफाईने. रडक्या पोरांचे पहिले चष्मे तीच चढवायची. "बघ बरं, झाडाला पानं आहेत की नाहीत?" असं विचारून पोराचं बोळकं उघडं पडलं, की तिला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं.

पुढे रस्ता रुंद झाला आणि निम्मं दुकान त्यात गेलं. नंबर काढायची खोली उरली ती कपाटाएवढी. तेवढ्या अंतरावरून कुणाची नजर मापणार? तेव्हा नवऱ्याने या धंद्यातली जुनी युक्ती केली. समोर आरसा लावला आणि तक्ता टांगला खुर्चीच्या मागे, बसणाऱ्याच्या डोक्यावर. माणसाने आरशात बघायचं, म्हणजे अंतर आपोआप दुप्पट होतं. आरशात अक्षरं सरळ दिसावीत म्हणून असे तक्ते छापतानाच उलट्या अक्षरांत छापतात. आरशाचा खिळा काकूने धरला होता आणि हातोडा नवऱ्याने तिच्या अंगठ्यावर मारला होता. तो किस्सा ती अजून रंगवून सांगते, आणि दर खेपेला अंगठा आणखी थोडा सुजतो.

अशी ही काकू एके दिवशी सकाळी नवऱ्याला म्हणाली, "तोंड धुऊन या हो, नाकाला काहीतरी काळं लागलंय."

तो धुऊन आला. काळं तसंच.

"साबण लावा की."

साबण लावून आला. तरी तसंच. मग तिने रस्त्यावरच्या माणसाकडे बघितलं, तर त्याच्याही नाकाच्या जागी तोच डाग.

नवऱ्याने तिला खुर्चीत बसवलं आणि दुपारभर काचा बदलल्या. "आता बरं, की मघाचं बरं?" लाकडी पेटीतली काचांची सगळी घरं पालथी घातली. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाला, "काचा संपल्या." त्याला दुसरं काही सुचलं नसणार. पण तिला ते कायमचं लागलं. जन्मभर गावच्या डोळ्यांना काच सापडली, आणि आपल्याला नाही!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध बिघडलाय, बारीक रक्तवाहिन्या पाझरतायत. डाव्याचं आता फारसं काही करता येणार नाही. उजव्यात नुकती सुरुवात आहे, तो वाचवता येईल, पण उशीर नको. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील.

"डोळ्यात?" काकूने विचारलं.

"डोळ्यात," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाहेरच्या माणसाने पुढच्या पेशंटला हाक मारलीसुद्धा.

काकूला सुईची भीती होती. साधीसुधी नाही, दंडात इंजेक्शन म्हटलं तरी पाय गळून जायचे. पण जिने उभं आयुष्य लोकांच्या बुबुळांजवळ स्क्रू-ड्रायव्हर नाचवला, तिने हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला? तो हसला असता. नणंदेला? तिने गावभर केलं असतं. काकूने ती भीती गिळून टाकली आणि "बघू, घाई काय आहे" म्हणायला लागली.

याच दिवसांत कोपऱ्यावरची बेकरीवाली तिला हाताला धरून घेऊन गेली. टायरच्या दुकानावर एक हॉल होता, जिना चढताना रबराचा वास नाकात बसायचा. तिथे दर शनिवारी 'उघडी दृष्टी मंडळ' भरायचं. बेकरीवालीच्याही डोळ्यांवर धुकं आलं होतं. भट्टीचं दार उघडलं की आत पाव आहेत की ढग, कळत नाही, असं म्हणायची.

मंडळ चालवायचे उजेडकाका. आधी ते दारोदार फिरून गाद्या विकायचे, आणि आवाज असा मऊ की ऐकतानाच माणसाला जांभई यावी. त्यांनीही चष्मा टाकला होता. हॉलमध्ये शिरताना दारातल्या कोट अडकवायच्या स्टँडला ते रोज वाकून "या, बसा" म्हणायचे. पण माणूस लबाड नव्हता. जे सांगायचा त्यावर त्याचा स्वतःचा भाबडा विश्वास होता, आणि त्यासाठी नडग्या फोडून घ्यायची तयारीही होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी तळहात चोळून डोळ्यांवर ठेवले. अंधारात उजेडकाकांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कसं वाटतंय?"

दवाखान्यात तिला काय दिसतं ते विचारलं होतं, घरीही तेच. कसं वाटतंय हे कुणी विचारलंच नव्हतं. काकू हुंदके देऊन रडली. कुणी घाई केली नाही, कुणी पुढच्या माणसाला हाक मारली नाही. बेकरीवालीने पिठाच्या वासाचा हात तिच्या पाठीवरून फिरवला. त्यानंतर त्या खोलीत कुणी तिला सांगितलं असतं की चंद्र चष्मे विकणाऱ्यांनी टांगलाय, तरी तिने मान हलवली असती. चष्मा तर तिने त्याच दिवशी काढून ठेवला.

आणि जवळजवळ तसंच सांगायचे. डोळे मुळात बिघडतच नाहीत, बिघडवले जातात. रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे बसवले, ते उगीच? चष्मेवाले, डॉक्टर आणि औषधवाले आतून एक आहेत. आणि इंजेक्शन? ते तर नजर कायमची त्यांच्या ताब्यात ठेवण्यासाठी. हे ऐकलं तेव्हा काकूला एकदम हलकं वाटलं. आपण घाबरत नव्हतो तर, आपल्याला आतून कळत होतं! भीतीला घालायला असा झकास कोट मिळाल्यावर ती कशाला उघडी फिरेल?

त्यात ती होती चष्मेवाल्याची बायको. मंडळाला शत्रूच्या गोटातलं माणूस मिळालं. "ताई, आतलं सांगा ना," लोक गळ घालायचे. काकूला आतलं असं काही ठाऊक नव्हतं. पण पाच-पंचवीस माणसं कान टवकारून बसलीत म्हटल्यावर रिकाम्या हाताने कोण उठेल? ती म्हणाली, "एक माणूस येतो. काळी बॅग घेऊन. ह्यांच्याशी आतल्या खोलीत कुजबुजतो, आणि बॅग हलकी करून जातो." हॉलमध्ये सुस्कारे उठले. हा माणूस म्हणजे काचा पुसायची फडकी विकणारा एक गरीब जीव होता, घसा बसलेला, दर वेळी पाणी मागून पिणारा. पण ते सांगितलं असतं तर सुस्कारे कसे आले असते?

तिचा खरा डंका वाजला तो मात्र तक्त्याने. हॉलच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, महिन्यातून एकदा सगळ्यांनी लांबून वाचायचा. काकू उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून मोकळी झाली. मुंग्यांची ओळसुद्धा! ती खोटं बोलत नव्हती हो. दुकानातही वर्षानुवर्षं तोच छापील तक्ता, तीच अक्षरं. ओळीच्या जागी करडी रेघ दिसायची आणि डोक्यातून अक्षरं आपली येऊन तिच्यावर बसायची. तिला वाटायचं, दिसतंय. टाळ्या पडल्या. बेकरीवालीने खास तिच्यासाठी बिस्किटं भाजून आणली.

घरी नवरा बघत होता. बायको बोलताना आता त्याच्या कानाकडे बघायची, कारण कानाकडे बघितलं तरच नाकाचा पत्ता लागायचा. एकदा फरशीवर बोट ठेवून तिने विचारलं, "ही फरशी फुगलीय का हो? रेघा वाकड्या दिसतात."

"उजव्या डोळ्याने?" त्याने विचारलं.

"फरशीच वाकडी असेल."

"अगं, उजवा आहे तोवर चल दवाखान्यात. माझं एवढं ऐक."

"तुम्ही त्यांच्यातलेच," ती म्हणाली. बोलल्यावर तिलाच कसंसं झालं. त्याने वाटेतलं स्टूल उचलून भिंतीला लावलं. हल्ली तो सगळ्या वस्तू अशाच कडेला करत चालला होता.

मग मंडळाचा मोठा मेळावा ठरला. नवे लोक येणार, आणि त्यांच्यासमोर ताई तक्ता वाचणार. नेमका दोन दिवस आधी हॉलच्या छताचा नळ फुटला आणि तक्त्याचा लगदा झाला. "हात्तिच्या," काकू म्हणाली, "मी आणते की दुकानातून."

दुकानातल्या कपाटावर दोन गुंडाळ्या होत्या. एक जुन्या लांब दुकानातला सरळ तक्ता, दुसरा आरशासाठीचा उलटा, जास्तीचा म्हणून ठेवलेला. काकूने दोन्ही उलगडून खिडकीशी धरले. वरचं बादलीएवढं अक्षर असं गोलमटोल की उलट-सुलट सारखंच. खालच्या ओळी दोन्हीकडे मुंग्याच. नवऱ्याला विचारायचं तर कशाला हवाय ते सांगावं लागलं असतं. सरळ तो जुना असणार, म्हणून जो कागद जुना लागला हाताला, तो तिने काखेत मारला.

मेळाव्याला हॉल भरला. उजेडकाकांनी दोन शब्द म्हणून बरेच शब्द बोलून घेतले. मग काकू उठली, ओढलेल्या रेघेवर उभी राहिली आणि सुरू झाली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, मुंग्यांपर्यंत. कुठे अडखळली नाही.

टाळ्या मात्र आल्या नाहीत. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बेकरीवाली लगबगीने जवळ आली आणि कानाशी लागली, "ताई, अहो अक्षरं उलटी आहेत. सगळीच्या सगळी."

"काय म्हणता?"

"आरशात दिसतात तशी. मला धुक्यातून दिसतायत, तुम्हाला...?" पुढचं तिने गिळलं.

उजेडकाका तोवर तक्त्यापाशी गेले होते, त्यांचं नाक कागदाला टेकलं होतं. क्षणभर तेही गांगरले. मग वळले, तेव्हा चेहरा उजळून निघाला होता.

"मंडळी! आज आपल्या हातात पुरावा आला! बघा, त्यांच्याच दुकानातला तक्ता. उलटा छापलाय! का? अंधाऱ्या खोलीत बसवून उलटं दाखवायचं, म्हणजे मेंदू पिरगळतो, नजर बिघडते, आणि नंबर वाढतो!"

"अरे बापरे," पहिल्या रांगेतून आवाज आला. "म्हणूनच नंबर काढून आलं की माझं डोकं दुखतं!"

"आणि ताईंची नजर बघा! इतकी तयार झालीय की उलटंसुद्धा सुलटं दिसतं!"

आता टाळ्या आल्या, छप्पर उडेल अशा. सगळं सावरलं होतं. काकूने नुसतं हसून हात जोडले असते, तर पुढचं वर्षभर बिस्किटांना तोटा नव्हता. पण तिला राहून राहून तो खिळा दिसत होता. जगातल्या इतर कारस्थानांचं तिला काही माहीत नव्हतं, पांढऱ्या दिव्यांचं नाही की औषधांचं नाही. हे एक मात्र तिला पक्कं माहीत होतं, अगदी अंगठ्याच्या नखापर्यंत. आणि याच एका गोष्टीचं या लोकांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत काय करून टाकलं!

"अहो, तसं काही नाही," ती म्हणाली. "आमची खोली लहान आहे हो. समोर आरसा आहे. आरशात सरळ दिसावा म्हणून तक्ता उलटा."

उजेडकाका मायेने हसले. "तुम्हाला तसं सांगितलंय, ताई."

"सांगितलंय कुणी? खिळा मी धरला होता!"

"खिळा धरणाऱ्याला आतलं कधी कळू देतात का?" पहिल्या रांगेतली बाई म्हणाली. "आणि तुम्हीच सांगितलं होतंत ना, काळ्या बॅगवाल्याचं?"

"तो फडकी विकतो!" काकू जवळजवळ ओरडली. "काचा पुसायची फडकी! मी आपलं मीठमसाला लावून सांगितलं."

एकानेही विश्वास ठेवला नाही. ताईंवर घरून दबाव आलाय, अशी कुजबुज तिच्यासमोरच सुरू झाली. काकू बघतच राहिली, म्हणजे लोकांच्या कानांकडे. थाप मारली तेव्हा ह्यांनी ती झेलली, आणि खरं बोलले तर एक माणूस पुढे होईना. मग ह्यांनी मला आजवर जे सांगितलं, ते कुठल्या खात्यातलं? आणि मी वाचलं ते? मला तर एक अक्षर दिसलं नव्हतं.

तक्ता तिथेच सोडून ती जिना उतरली, कठड्याला धरून. रस्त्यावर दिव्यांचे खांब मधोमध फुगलेले दिसत होते. डावा डोळा झाकून बघितलं, तरी फुगलेलेच.

नवरा दुकानात एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता.

"उद्या दुकान उघडू नका," ती म्हणाली.

"का गं?"

"दवाखान्यात जायचंय. आणि मला सोबत हवीय." थांबून म्हणाली, "मला सुईची भीती वाटते. पहिल्यापासून. ते दिवे न् कंपन्या काही नाही. नुसती भीती."

तो हसेल म्हणून ती थांबली होती. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मलाही वाटते," तो म्हणाला. "मी तर दाढ काढायची म्हणून दोन वर्षं एका बाजूने जेवतोय. तुला वाटलं तोंडात सुपारी आहे."

"मेलं तुमचं लक्षण! आणि मी तुम्हाला सुपारी सोडा म्हणून भांडत होते!"

डॉक्टरीणबाई थोड्या रागावल्या, उशीर केलात म्हणाल्या. मग या बाईला दरदरून घाम फुटलाय हे बघून खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि काय काय करणार ते एकेक करून सांगितलं. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई समोरून येत नाही, बाजूने येते, दिसतही नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर उजेडकाकांचं एक माणूस कमी झालं असतं. काकूने नर्सचा हात असा दाबला की नर्सच "आई गं" म्हणाली.

डावा गेला तो गेलाच. उजव्याचं पाझरणं थांबलं. खांब पूर्ण सरळ झाले नाहीत, पण आणखी फुगलेही नाहीत, आणि दर महिना-दीड महिन्याने सुईला सामोरं जावं लागतं. दर वेळी पाय गळतात आणि दर वेळी ती जाते. चष्मा पुन्हा नाकावर आला आहे, उजव्यापुरता कामाचा.

मंडळात असं ठरलं की चष्मेवाली ताई पहिल्यापासून कंपनीचीच हेर होती. नणंदेने ही बातमी फोनवरून पोचवली तेव्हा काकू रागावेल असं वाटलं होतं, पण ती खूश झाली. एवढा मोठा हुद्दा आयुष्यात कधी मिळाला नव्हता. नवरा हल्ली म्हणतो, "हेरबाई, चहा मिळेल का, की वरून परवानगी आणायची?" तरी शनिवार आला की तिला करमत नाही. तळहात डोळ्यांवर ठेवून ती घटकाभर बसते. त्याने काही होत नाही हे तिला ठाऊक आहे, पण बरं वाटतं, आणि बरं वाटायला कुणाची हरकत नसावी.

परवा दुपारी, रस्ता सामसूम असताना, बेकरीवाली दुकानाच्या मागच्या दाराने आली. बाहीला पीठ, हाताच्या पाठीवर भट्टीचा ताजा चटका.

"हे काय झालं?" काकूने विचारलं.

"पाव समजून पत्र्याला हात लावला." ती काचेच्या कपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं काय आहे ते नुसतं बघायचंय. काही करून घ्यायचं नाही मला. नुसतं बघायचं."

"नुसतं बघूया."

"आणि हे वर मंडळात कुणाला कळता कामा नये. मलाही हेर करतील."

"करू देत की. मग दोघी होऊ."

बेकरीवाली हसली नाही. पिठाचे हात एकमेकांवर घासत म्हणाली, "दुखतं का हो?"

काकूने क्षणभर विचार केला. "दुखत नाही फारसं. पण भीती वाटते, ती वाटतेच. ती जात नाही." मग स्टुलावरून उतरली, स्वेटर चढवला आणि आत हाक मारली, "अहो, गल्ल्यावर बसा जरा. आम्ही दवाखान्यात जाऊन येतो."